घुंगरांची ओळखपरेड

खोली बघायला गेले तेव्हा घरमालकांनी मला नाव विचारलं नाही, गाव विचारलं नाही, एकटी का राहणार हेही विचारलं नाही. जिल्हा परिषदेतल्या नोकरीसाठी नाशिकहून धाराशिवला आल्यापासून मी इतक्या खोल्या पालथ्या घातल्या होत्या की या तिन्ही प्रश्नांची उत्तरं मला तोंडपाठ झाली होती. हे गृहस्थ मात्र डोक्यावरची पांढरी टोपी मागं सारत म्हणाले, "आलं चालतंय का?"

"कशात?"

"रसात हो. दुसरं कशात?"

मी म्हटलं, आलं मला सोसत नाही. त्यांनी एखाद्या पोरक्या पोरीकडं बघावं तसं माझ्याकडं बघितलं. मग अट सांगितली. "हे बगा, दारूचं ज्याचं त्यानं बगावं, ते आमी विचारनार न्हाय. पन थंड्याची बाटली ह्या जिन्यावरनं वर जायची न्हाय. पावन्यारावळ्यांनी आनली तरी न्हाय."

मला ती थट्टा वाटली. पहिल्याच महिन्यात माझा भाऊ भेटायला आला आणि त्याच्या पिशवीतून डोकावणारी बाटली पहिल्या पायरीवरच जप्त झाली. तो परत निघाला तेव्हा ती त्याला सन्मानानं परत मिळाली, पण मधल्या काळात तिला उसाच्या चिपाडांच्या ढिगावर भर उन्हात बसवून 'थंडा' या शब्दाची पुरती बेअब्रू केलेली होती.

सगळं गाव त्यांना आप्पा म्हणायचं. मीही तेच म्हणू लागले.

खाली आप्पांची रसवंती, वर माझी खोली आणि समोरचा रस्ता सरळ कोर्टात जाणारा. त्यामुळं आप्पांच्या बाकावर फिर्यादी आणि आरोपी मांडीला मांडी लावून बसत. नुसती पुढची तारीख मिळालेला माणूस हाफ घ्यायचा, सुटलेला माणूस फुल घ्यायचा, आणि वकील दोन्ही वेळा फुल घ्यायचे.

आप्पांच्या लक्षात कुणाचंच नाव राहत नसे. माणूस म्हणजे त्याचा रस. एक फौजदार 'हाफ-बिनबर्फ' होते, पोस्टातले एक जण 'काळं-मीठ' होते. कुणाच्या लग्नाची पत्रिका आली की आप्पा ती उलटीसुलटी करून बघत आणि कुणीतरी "अहो, ते बर्फ-जादाचे थोरले" असं सांगितलं की मग त्यांचा चेहरा उजळे. मी अर्थातच 'बिनआल्याच्या मॅडम'. एकदा आमचे साहेब मला शोधत आले आणि त्यांनी माझं पूर्ण नाव घेतलं. आप्पांनी त्यांना "असल्या नावाचं हितं कोनी ऱ्हात न्हाय" म्हणून वाटेला लावलं. मी वर भांडी घासत होते.

स्वतः मात्र आप्पा रसाचा थेंब घेत नसत. "हलवाई कदी पेढा खातो का?" असं विचारत आणि चहा पीत.

आणि बोलत. चरकात ऊस घालताना बोलत, लिंबू पिळताना बोलत, मोटारीच्या घरघरीवर आवाज चढवून बोलत. गिऱ्हाईक उठून गेलं तर रिकाम्या बाकाशी बोलत. "रस आन् खरं, दोनी ठिवून ठिवू न्हाय, आंबतंय," हे त्यांचं ठेवणीतलं वाक्य. ते म्हणून झालं की ताजं असेल-नसेल तसलं खरं ते समोरच्याला ऐकवून टाकत. त्यांची बायको अक्का. त्या त्यांच्या उलट, मोजकं बोलणाऱ्या. दोघं सास्तूरच्या बाजूची, घरात कानडी. त्यांचं भांडण कानडीत व्हायचं आणि समेट मराठीत, त्यामुळं मला वरच्या मजल्यावर भांडणं कळायची नाहीत, फक्त समेट कळायचे. अक्कांचा एक कानडी शब्द तेवढा मी शिकले, "साकु!" म्हणजे पुरे. आप्पांचं बोलणं थांबवायला तो त्या वापरत. थांबत ते कधीच नसत.

आता घुंगरं.

रसवंतीच्या चाकाला घुंगरं असतात हे सगळ्यांना माहीत आहे, ती का असतात हे फारसं कुणी विचारत नाही. पूर्वी चरक लाकडी असायचा, तो फिरवायला बैल असायचा आणि घुंगरं बैलाच्या गळ्यात असायची. बैलाच्या जागी मोटार आली, पण लोकांना रस म्हटलं की छुमछुम ऐकायची सवय. म्हणून घुंगरं चाकाला बांधली गेली. आप्पांच्या चाकाची माळ नबाबची होती. नबाब म्हणजे त्यांचा बैल. त्र्याण्णवच्या भूकंपाच्या पहाटे नबाबनं मान झटकून झटकून ती माळ अशी वाजवली, की आप्पा शिव्या देत उठून गोठ्याकडं गेले, "कुठं चाललाव?" म्हणत त्यांच्या मागून अक्का गेल्या आणि दोघांच्या पाठीमागं घर बसलं. ही गोष्ट मी कितीदा ऐकली असेल! कधी नबाब दावं तोडायचा, कधी शिंगानं दार ढकलायचा, एकदा तर त्यानं आप्पांना चक्क हाक मारली होती. तपशील रोज नवा. घुंगरं तेवढी दर वेळी वाजायची.

त्यानंतर दोघं नबाबला घेऊन धाराशिवला आले आणि त्याच्याच जिवावर चरक मांडून जगले. तो म्हातारा होऊन गेला तेव्हा मोटार आली आणि माळ चाकावर गेली. त्या वर्षी पोळ्याला आप्पांनी चरकाला आंघोळ घातली, चाकाला गेरू फासला, वर झूल घातली आणि बैलाला भरवतात तशी त्याला पुरणपोळीही भरवली. चरकानं ती बिनतक्रार गिळली. पुढं आठवडाभर रसातून पुरण येत होतं आणि आप्पा गिऱ्हाइकांना "परसाद हाय, परसाद" म्हणून पाजत होते, असं अक्का सांगायच्या. तेव्हापासून पुरणपोळी नुसती दाखवायची आणि मग आप्पांनी खायची असं ठरलं.

मी राहायला आल्याच्या दुसऱ्या उन्हाळ्यात कानाला मोठाले हेडफोन लावलेली दोन पोरं रसवंतीवर आली. "आम्हाला आवाज रेकॉर्ड करायचा आहे," म्हणाली. आप्पांना वाटलं, आपला. त्यांनी टोपी सरळ केली, घसा खाकरला आणि नबाबची गोष्ट सुरू केली. पोरांना घुंगरांचा आवाज हवा होता. त्यांनी मोटार बंद करायला लावली, अक्कांना चाक हातानं फिरवायला सांगितलं, आणि आप्पा काही केल्या गप्प बसेनात तेव्हा त्यांना लिंबं आणायला बाजारात पिटाळलं. लिंबं घेऊन आप्पा परत येईस्तोवर पोरं फुकटचा रस पिऊन, फुकटचा आवाज घेऊन पसार झाली होती.

काही महिन्यांनी मी वर बसून मोबाइलवर काहीतरी बघत होते आणि एकदम घुंगरं वाजली. रसवंती तर बंद होती. मी खिडकीतून डोकावले. खाली सामसूम. घुंगरं मोबाइलमधून वाजत होती! थंड्याच्या एका मोठ्या कंपनीनं बाटलीबंद उसाचा रस काढला होता आणि त्याच्या टीव्हीवरच्या जाहिरातीच्या सुरुवातीला आमच्या खालची घुंगरं होती. मी जिन्यावरून अक्षरशः घसरत खाली गेले.

आप्पांना राग यायला हवा होता. बाटली, आणि तीही रसाची! पण आप्पा हरखून गेले. "नबाब टीवीवर!" असं ओरडत ते येणाऱ्या-जाणाऱ्याला माझा मोबाइल ऐकवत सुटले. संध्याकाळपर्यंत मोबाइल मला मिळाला नाही. दुसऱ्या दिवशी त्यांनी पेंटर बोलावून हातभर अक्षरांत पाटी रंगवून घेतली : 'टीव्हीवरची घुंगरं ती हीच!' लोक पाटीचे फोटो काढू लागले, फोटो गावोगाव फिरू लागले आणि फिरत फिरत कंपनीच्या दारात पोचले. आपल्या पायावर धोंडा पाडून घ्यायला आप्पांनी पेंटर लावला होता, असं मी त्यांना पुढं कितीदा तरी म्हणाले.

नोटीस आली. इंग्रजीत. मी ती बाकावर बसून वाचली आणि मराठीत सांगितली. हा आवाज आता कंपनीच्या नावावर नोंदलेला आहे. तुम्ही तो परवानगीशिवाय धंद्यासाठी वापरत आहात. पाटी उतरवा आणि घुंगरंही उतरवा.

आप्पा गप्प झाले. मी त्यांना पहिल्यांदाच गप्प बघत होते आणि मला ते अजिबात आवडलं नाही.

"म्हंजी," ते म्हणाले, "नबाबची घुंगरं नबाबच्या घरात वाजवायची न्हाईत?"

"तसंच लिहिलंय."

"काढून ठिवा की," अक्का म्हणाल्या. "मोठ्यांच्या नादी कशाला लागता?"

मग कानडीत जे काही झालं ते बराच वेळ चाललं. सकाळी मी ऑफिसला निघाले तेव्हा समेट मराठीत येऊन पोचला होता. अक्का म्हणत होत्या, "जावा मग कोर्टात. समोरच तर हाय."

आप्पांना वकील शोधायला रस्तासुद्धा ओलांडावा लागला नाही. 'लिंबू-जादा' बाकावरच बसल्या होत्या. ही एक तरुण वकीलबाई, नुकती सनद मिळालेली. तिनं ग्लास खाली ठेवला, नोटीस वाचली आणि म्हणाली, "आप्पा, आपणच त्यांच्यावर दावा लावू." तिचे डोळे असे चमकत होते की मला धास्तीच वाटली. दावा सरळ होता : जाहिरातीतला आवाज आप्पांच्या घुंगरांचा आहे, तो न विचारता उचललाय, आणि ती घुंगरं वाजवायला आप्पांना कुणी मनाई करू नये.

कंपनीचा एक माणूस गोड बोलायला येऊन गेला. दावा मागं घ्या, घुंगरं उतरवा, आम्ही तुम्हाला मोठा फ्रिज देतो, छत्री देतो, नवी पाटी देतो. आप्पांनी सगळं ऐकून घेतलं. मग विचारलं, "फ्रिजला घुंगरं बांदता येत्याल का?" माणूस म्हणाला, नाही. "मग त्यो वाजनार कसा?" आप्पांनी विचारलं. बोलणी तिथंच फिसकटली.

कंपनीनं धाराशिवातलाच एक नावाजलेला वकील केला आणि तो निघाला आप्पांचा जुना 'डबल-आलं'. मोठा हुशार माणूस, उलटतपासणीत भल्याभल्यांच्या तोंडचं पाणी पळवणारा. कॉलेजात असल्यापासून रोज आप्पांकडं एक फुल, आलं डबल. वकीलपत्र घेतल्या दिवसापासून त्यांनी रसवंतीकडं बघणंही सोडलं. रस्त्यानं जाताना मान पलीकडं वळवून जात. आप्पांना दाव्यापेक्षा हेच जास्त लागलं. "कोर्टात भांडा की," ते मला म्हणाले, "रसावर राग कामून?"

न्यायाधीश साहेबांना साखर होती, त्यांना रस वर्ज्य. तेव्हा कोर्टाच्या सगळ्या आवारात आप्पांच्या बाबतीत निःपक्षपाती असा तो एकच माणूस होता.

आप्पांच्या साक्षीच्या दिवशी मी रजा टाकून गेले. सिनेमाला गर्दी व्हावी तशी गर्दी. आप्पा धुतलेल्या टोपीत पिंजऱ्यात उभे राहिले. सुरुवातच अशी झाली की त्यांनी कंपनीच्या वकिलांना हात जोडले आणि म्हणाले, "रामराम डबल-आलं!"

कोर्ट हसलं. न्यायाधीशांनी पेन आपटलं. "साक्षीदारांनी वकिलांना नावानं बोलावावं."

"नाव म्हाईत न्हाय, साहेब. ईस-पंचीस वरीस निस्तं आलंच घालूलालाव."

वकील शांतपणे म्हणाले, "साहेब, मी कुठंही रस पितो. रस म्हणजे रस आणि घुंगरं म्हणजे घुंगरं. ह्याची, त्याची, असं त्यात काही नसतं. एका रसवंतीची घुंगरं दुसरीपासून कुणालाही ओळखता येणार नाहीत."

लिंबू-जादा ताडकन उठल्या. "मग कंपनीचा आवाज तरी वेगळा कसा? सगळी घुंगरं सारखी, तर त्यांनी नोंदवलं काय?"

"आमचा आवाज स्टुडिओत कलाकारानं बसवलेला आहे," वकील म्हणाले. मग आप्पांकडं वळून अगदी मायेनं विचारलं, "काय आप्पा, तुम्हाला तरी ओळखू येतील का तुमची घुंगरं? नुसती ऐकून?"

मी आप्पांना ओळखत होते. लिंबू-जादाही ओळखत होत्या, त्या डोळ्यांनी 'नको, नको' म्हणत होत्या. पण आप्पांची छाती फुगली होती.

"डोळ्याला पट्टी बांदा!" आप्पा गरजले. "हजारात वळखीन!"

"बांधू या," वकील हळूच म्हणाले.

लिंबू-जादांनी कपाळावर हात मारून घेतला.

आणि म्हणून धाराशिवच्या कोर्टात घुंगरांची ओळखपरेड झाली. ठरल्या दिवशी आवारात कडुलिंबाच्या झाडापलीकडं मंडपवाल्यानं कनात लावली. कनातीआड पाच रसवंत्यांचे चरक टेंपोतून आणून उभे केले, एक आप्पांचा, बाकीचे तुळजापूरचे, ढोकीचे, इकडचे तिकडचे. नुसता चरक घेऊन कसं यायचं म्हणून सगळ्यांनी ऊसही आणला होता. मोटारीच्या आवाजानं दुसरी कामं थांबतील म्हणून न्यायाधीशांनी चाकं हातानं फिरवायला सांगितली. झाडाखाली खुर्ची, खुर्चीत आप्पा, डोळ्यांवर अक्कांच्या जुन्या लुगड्याची पट्टी. व्हरांड्यात न्यायाधीश. वकील, पक्षकार, पोलीस, बेड्यांसकट दोन आरोपी, सगळे श्वास रोखून. बेलिफानं सगळ्यांकडं बघून ओठांवर बोट ठेवलं होतं.

पहिलं चाक फिरलं. आप्पांनी मान हलवली, न्हाय. दुसरं, न्हाय.

तिसरं फिरलं. तीच ती, माझ्या खोलीच्या फरशीखाली दिवसभर वाजणारी. मी त्यांच्यावर चिडले होते, तापात त्यांच्या तालावर कण्हले होते, आणि रजेवरून परतताना बसस्टँडकडून येणाऱ्या वळणावर ती ऐकू आली की घरी आले असं मला वाटायचं. माझ्या शेजारचे 'काळं-मीठ' माझं मनगट दाबत होते. गर्दीत निम्म्या माणसांचे चेहरे फुलले होते. आता आप्पा म्हणतील, आता म्हणतील!

आप्पांनी मान हलवली. न्हाय.

चौथं, न्हाय. पाचवं फिरलं. ते ढोकीचं होतं, नव्या कोऱ्या पितळी घुंगरांचं, फार गोड वाजलं. आप्पा खुर्चीतून उठून उभे राहिले, पट्टी डोळ्यांवर तशीच, हात वर करून आनंदानं ओरडले, "ह्योच! ह्योच माझा नबाब!"

"अरारारारा!" सगळं आवार एका तोंडानं म्हणालं.

आप्पांनी पट्टी सोडली, कनातीआडून ढोकीचा माणूस ओशाळवाणं हसत बाहेर येताना बघितला आणि खुर्चीत बसले ते बसलेच. चूक सोपी होती. त्यांनी ती घुंगरं मोटारीशिवाय आणि स्वतःच्या बडबडीशिवाय कितीतरी वर्षांत ऐकलीच नव्हती. आणि त्यांचा स्वभाव असा, की सगळ्यात गोड वाजेल ते आपलंच, याबद्दल त्यांच्या मनात शंका नव्हती.

डबल-आलं विजयानं हसले नाहीत, एवढं मी त्यांच्या बाजूनं सांगते. ते फक्त म्हणाले, "साहेब, खुद्द मालकालाही ओळखता आली नाहीत." न्यायाधीशांनी ते लिहून घेतलं आणि जेवणाची सुट्टी झाली.

सुट्टीत चारही परगावच्या रसवंतीवाल्यांनी धंद्याला हात घातला. ऊस आणलेलाच होता, गर्दी आयतीच होती. कनातीआडून छुमछुम सुरू झाली आणि चारी चरकांवर झुंबड उडाली. आप्पा मात्र आपल्या चरकापाशी जाऊन माळेची गाठ सोडायला लागले. गाठ सुटत नव्हती. "म्या वळखलो न्हाय त्येला," ते म्हणाले. "त्येनं मला वळखलं हुतं, अंदारात. आन् म्या न्हाय." मला रडू येत होतं आणि त्यांचा असा राग येत होता की बास.

अक्कांनी त्यांचा हात बाजूला केला. "साकु," त्या म्हणाल्या. "उतरवायची तर घरी जाऊन उतरवू. ऊस वाळून चाललाय." त्यांनी दोन ऊस चरकात घातले आणि चाक फिरवलं.

वकिलांच्या बाररूमची खिडकी कनातीच्या बरोबर वर होती. खिडकीत पाठमोरे उभे राहून डबल-आलं मुंबईला कंपनीशी फोनवर बोलत होते. केस कशी खिशात आली ते सांगत असावेत. इतका वेळ खाली चार चरक वाजत होते, त्यांचं तिकडं लक्षही नव्हतं. अक्कांनी चाक फिरवलं, घुंगरं वाजली, आणि वकिलांनी फोन कानाला तसाच ठेवून, मागं न बघता, एक हात खिडकीबाहेर काढून हाक दिली, "आप्पा, एक फुल! आलं डबल!"

आरोपींच्या हातातले ग्लास हवेत थांबले. वकिलांचा हात खिडकीबाहेर तसाच लोंबत राहिला. आपण काय बोललो ते त्यांना आत्ता कळत होतं.

व्हरांड्यातून न्यायाधीशांचा आवाज आला. ते डबा खायला आत गेलेच नव्हते.

"वकीलसाहेब," ते म्हणाले, "कोणते आप्पा?"

त्यानंतर जे झालं ते मी नीट सांगू शकत नाही, कारण मी हसून हसून खाली बसले होते. बेलिफ हसत होता, बेड्यांतले दोघं एकमेकांच्या खांद्यावर डोकं ठेवून हसत होते, ढोकीचा माणूस आपलं चाक सोडून आप्पांना मिठी मारत होता. लिंबू-जादा नुसत्या उड्या मारत होत्या, काळ्या कोटासकट.

सुट्टीनंतर डबल-आलं उभे राहिले तेव्हा त्यांच्या कपाळावर घाम होता. मोठा माणूस, नाटक केलं नाही. "साहेब, घुंगरं ओळखता येत नाहीत, हे माझं म्हणणं मी आता लावून धरत नाही," ते म्हणाले. "पुढचं कंपनीला विचारायला वेळ हवा."

"घ्या वेळ," न्यायाधीश म्हणाले. "तोवर घुंगरं आहेत तिथंच राहतील. आणि जाताना रस घेऊन जा, तुम्ही मागवलाय."

पुढं फार काही घडलं नाही. आवाज आप्पांच्या रसवंतीवरूनच घेतला होता, हे कंपनीनं कबूल केलं. नोटीस मागं घेतली, जाहिरातीत कसलीशी बासरी टाकली. डबल-आलं आपल्या जुन्या बाकावर परत आले आणि आप्पांनी त्यांना एवढं आलं घातलं की त्यांच्या डोळ्यांतून पाणी आलं. पाटीवर आप्पांनी एक नवी ओळ वाढवून घेतली : 'कोर्टानं ऐकलेली!' अक्कांनी कपाळाला हात लावला.

गावाच्या लेखी आप्पा जिंकले होते. आप्पांच्या लेखी मात्र एक गोष्ट तशीच राहिली होती. ती मला कळली एका दुपारी, लाइट गेलेली असताना. अक्का तुळजापूरला देवीला गेल्या होत्या. मोटार बंद, गिऱ्हाईक नाही. आप्पांनी जिन्याखालून हाक मारली, "मॅडम, जरा चाक फिरवता का? म्या आलोच."

ते चाक काय जड असतं! मी दोन्ही हातांनी फिरवत राहिले. आप्पा रस्त्यानं चालत निघाले. पार बसस्टँडच्या वळणापर्यंत गेले आणि तिथं माझ्याकडं पाठ करून उभे राहिले. हात वर करून खुणावत होते, फिरवा, फिरवा. आयुष्यात पहिल्यांदाच ते ही घुंगरं ऐकायला असे लांब जाऊन उभे होते, आणि गप्प. माझे दंड भरून आले. बाजूनं जाणारे एक-दोघं रस आहे असं समजून थांबले, त्यांना मी मानेनंच नाही म्हटलं.

बऱ्याच वेळानं आप्पा परत आले. ते आत चरकापाशी आले नाहीत, गिऱ्हाइकासारखे बाकावर बसले.

"एक फुल," ते म्हणाले. "आलं डबल."

मी ऊस घातला, आलं घातलं, चाक फिरवून रस काढला, गाळला, ग्लास त्यांच्या हातात दिला. त्यांनी एक घोट घेतला. ग्लास डोळ्यांसमोर धरून बघितला. मग एका दमात संपवला.

"बाब्बो," ते म्हणाले. "हे असलं पाजूलालाव व्हय म्या लोकास्नी!"

मी हसले. विचारलं, "घुंगरं ऐकू आली का आप्पा?"

त्यांनी टोपी काढून मांडीवर ठेवली. डोळे भरले होते आणि ते लपवायची त्यांनी काही खटपट केली नाही.

"आली की. वळनावर हुबा हुतो. मागनं घुंगरं आली," ते म्हणाले, "आन् म्या मागं न बगता रस्त्यातनं बाजूला सरकलो. बैलाला वाट दिली."

मग रिकामा ग्लास पुढं केला. "घाला अजून हाफ. आन् आल्याला हात आखडू नका, बिनआल्याच्या मॅडम."